शहाबादी फरशीच्या मुलखातली १२ लाख वर्षांपूर्वीची खाण

सोलापूरकरांनो, आपल्या घराघरांत शहाबादी फरशी आहे. ही फरशी म्हणजे चुनखडक, आणि तो ज्या पट्ट्यात मिळतो, त्याच पट्ट्यात आदिमानवानेही दगड काढला होता. ते ठिकाण म्हणजे इसामपूर, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातल्या हुणसगी परिसरातलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या आणि सहकाऱ्यांनी १९९७ पासून इथे उत्खनन केलं. सापडला तो अश्युलियन काळातल्या, म्हणजे दगडी हातकुऱ्हाडींच्या युगातल्या माणसांचा अवजारांचा कारखाना! इथला चुनखडक थरांमध्ये आणि भेगांनी आपोआप तुटलेला. त्या माणसांनी सोयीच्या लाद्या उचकटल्या, बेसॉल्टसारख्या कठीण दगडांच्या हातोड्यांनी त्यांचे छिलके उडवले आणि हातकुऱ्हाडी, रुंद धारेच्या क्लीव्हर घडवल्या. कच्च्या लाद्या, छिलके, अर्धवट सोडलेली आणि पूर्ण झालेली अवजारं, सगळं एकाच जागी मिळालं. त्यामुळे अवजार कसं घडलं, हे टप्प्याटप्प्याने समजतं.

इथे मिळालेल्या प्राण्यांच्या दातांच्या एनॅमलवरून काढलेलं वय सुमारे १२ लाख वर्षं. आपली होमो सेपियन्स जात साधारण ३ लाख वर्षांची. म्हणजे हे कारागीर आपल्याही आधीचे!

जायचं तर कलबुर्गी, शहापूरमार्गे जा. उन्हाळा टाळा, हिवाळा उत्तम. तिथे भव्य वास्तू नाही, शेतशिवार आणि दगड आहेत, म्हणून आधी वाचून जा. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालयही पाहा.

एकच कळकळीची विनंती: तिथला एकही दगड उचलू नका. जागेवरून हललेला दगड मुका होतो.