वस्तीच्या विजेचा जमाखर्च

आपल्याला वर्षाकाठी जेवढी ऊर्जा लागते तेवढी आपणच उत्पन्न करणारी वस्ती शहरात वसविता येईल काय, हा प्रश्न युरोपातल्या नगररचनाकारांनी अलीकडे फार नेटाने हाती घेतला आहे. २०२५ पर्यंत अशा शंभर वस्त्यांचे काम मार्गी लावण्याचा संकल्प तेथील कित्येक देशांनी २०१८ साली मिळून सोडला. विषय इंजिनियरांचा खरा. आमचा धंदा युनियनचा. तेव्हा यंत्राबरोबर यंत्रावरचा माणूस आणि घराबरोबर घराचे भाडे आम्ही पाहणारच.

प्रथम ‘लागते तेवढी उत्पन्न करणे’ म्हणजे काय ते समजून घेऊ. सूर्य तळपतो दुपारी आणि दिवे लागतात तिन्हीसांजेला. त्यामुळे अशी वस्ती बाहेरची तार तोडून बसत नाही. दुपारची जादा वीज ती तारेवर सोडते, रात्री परत घेते, आणि वर्षअखेरीस जमा व खर्च यांची तोंडमिळवणी करते. वाण्याच्या वहीत आपले खाते असते, तसाच हा प्रकार. त्या वस्तीला ‘स्वयंपूर्ण’ म्हणणे आम्हांला पटत नाही. पावसापाण्यात खांबावर चढणारा लाइनमन तिला हवाच असतो, आणि त्याचा पगार वस्तीने कोणत्या खात्यातून द्यायचा याचा वाद देशोदेशी चालू आहे.

मग एकेक घर न घेता अख्खी वस्तीच का घ्यायची? कारण भर दुपारी घरे रिकामी असतात, आणि दुकाने, कचेऱ्या, शाळा यांना नेमकी तेव्हाच वीज लागते. दोन्ही शेजारी असली की छपरावरची वीज लांब न जाता तिथल्या तिथे खर्ची पडते. एका इमारतीची सावली दुसरीवर पडू न देणे, सगळ्या घरांना मिळून एकाच ठिकाणाहून ऊब पुरविणे, ही कामेही घरमालकाच्या एकट्याच्या हातची नव्हेत.

याचे उत्तम उदाहरण जर्मनीच्या फ्रायबुर्ग शहरात आहे. १९७५ साली जवळच्या व्हील गावी अणुवीजकेंद्र उभे राहणार होते. द्राक्षमळेवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्या जागेवर ठाण मांडले, विद्यार्थी त्यांना मिळाले, आणि ते केंद्र कधीच उभे राहिले नाही. नको म्हटले, मग हवे काय, हे सांगण्याची जबाबदारी आंदोलनावर येतेच. ती त्या मंडळींनी घेतली, हे विशेष. १९९२ साली शहराच्या दक्षिणेची फ्रेंच फौजेची छावणी रिकामी झाली. ती जमीन नगरपालिकेने विकत घेऊन तेथे फाउबान ही वसाहत आखली. जमीन पालिकेच्या हातात होती म्हणून अटी घालता आल्या. बरेच प्लॉट बड्या बिल्डराला न देता दहा-वीस कुटुंबांनी मिळून केलेल्या गटांना दिले गेले, आणि काही जुन्या बराकी अल्प उत्पन्नाच्या लोकांनी व विद्यार्थ्यांनी स्वतः दुरुस्त करून राहत्या केल्या.

या वसाहतीला लागूनच वास्तुशिल्पी रोल्फ डिश यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत ५९ घरांची सौर वसाहत उभारली. घरे दोन-तीन मजली, ओळीने दक्षिणेकडे तोंड केलेली. छपरे संपूर्ण सौरपट्ट्यांची. शेजारी दुकाने आणि कचेऱ्यांची एक लांब इमारत आहे. वर्षाचा हिशेब केला तर ही घरे वापरतात त्याहून अधिक ऊर्जा देतात.

पाहणारे लोक छपराकडे पाहतात, पण खरी करामत भिंतीत आहे. तिकडे ऊर्जेचा मोठा वाटा घर उबदार ठेवण्यात जातो. भिंतींना जाड अस्तर, खिडक्यांना तिहेरी काच, बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र, अशी व्यवस्था केली की घर थर्मासासारखे वागते. अशा घराला उबेसाठी वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे १५ युनिट पुरतात; जुन्या जर्मन घराला त्याच्या दहापटही लागत. आधी खर्च घटविला म्हणून छपराची जमा पुरली. गळक्या पिंपात कितीही पाणी ओता, ते भरायचे नाही.

आता पैशाचे. २००० सालच्या जर्मन कायद्याने सौरविजेला वीस वर्षे ठरावीक दर बांधून दिला. सुरुवातीला तो युनिटला ९९ फेनिग, म्हणजे बाजारभावाच्या कितीतरी वर होता. त्या हमीमुळे भांडवल आले. विकली न गेलेली काही घरे छोट्या गुंतवणूकदारांच्या निधीने विकत घेऊन भाड्याने दिली. परंतु त्या वाढीव दराचा भार सर्व वीजग्राहकांच्या बिलावर टाकला गेला, आणि स्वतःचे छप्पर नसलेला भाडेकरूही तो भरत राहिला. हा आकार २०२२ मध्ये बंद झाला. योजना चांगली होती, असे आमचे मत आजही आहे. ओझे मात्र वाटले गेले नाही, चुकीच्या खांद्यावर पडले.

दुसरे उदाहरण लंडनच्या दक्षिणेचे, बेडझेड या वस्तीचे. २००२ साली पुरी झालेली ही सुमारे शंभर घरे. निम्मी विक्रीची, उरलेली भाड्याची किंवा अंशतः मालकीची. ही वाटणी आम्हांला फ्रायबुर्गपेक्षा अधिक आवडली. शहरातल्या झाडांच्या छाटणीच्या लाकडापासून वायू करून वीज आणि ऊब दोन्ही देणारे छोटे केंद्र वस्तीतच बसविले होते. ते रात्री बंद ठेवावे लागे. बंद केले की वायू थंड होऊन नळ्यांत डांबर साचे. २००५ साली केंद्र बंद पडले आणि वस्ती साध्या गॅसच्या बॉयलरवर आली. बॉयलरवर काम केलेल्या कोणाही फिटरला यात नवल वाटणार नाही. मोठा कारखाना तीन पाळ्यांना जाणती माणसे ठेवू शकतो. शंभर घरांना तो पगार झेपत नाही. भिंतीतले अस्तर मात्र बिनपगारी चाकरी करीत राहिले.

हे सारे सांगितले की गिरणगावातला माणूस विचारतो, आमचे काय? त्याच्यासाठी हिशेब मांडू. गच्ची पाच हजार चौरस फूट धरा. टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून निम्मी मोकळी. शंभर चौरस फुटांना एक किलोवॅट या जुन्या ठोकताळ्याने २५ किलोवॅट बसतील. आपल्या उन्हात किलोवॅटमागे वर्षाला सुमारे १,४०० युनिट, म्हणजे एकूण ३५,०००. मजल्यावर आठ घरे, दर घराला महिना १००, म्हणजे मजल्याला वर्षाला ९,६०० युनिट. तीन मजल्यांना गच्ची पुरते. चौथ्याला तूट लागते. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी बांधलेल्या इमारती चाळीस मजल्यांच्या आहेत. तेवढ्या उंचीला आपल्या हिशेबातली गच्ची गरजेचा एकदशांशही भागविणार नाही, आणि त्यात लिफ्ट व पंप धरलेले नाहीत. उंच जाणाऱ्या मुंबईला फ्रायबुर्गचा साचा जसाच्या तसा बसत नाही, तो या भागाकारामुळे.

पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलात तरी ही वीज वळती करता येते. केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या योजनेत गृहसंस्थांच्या अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवले. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या कुटुंबाला देखभालीचा मासिक आकार हाच मोठा घोर असतो, तेव्हा ही रक्कम लहान नव्हे. अर्ज संस्थेने करायचा असतो आणि गच्ची संस्थेच्या ताब्यात असावी लागते. पुनर्विकासाच्या करारात गच्ची कोणाकडे राहणार, ते कलम सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.