सनिवेदन स्लाइड, ध्वनिचित्रफीत आणि उच्चारांचे अध्यापन

निवेदनासह स्लाइड दाखविणे किंवा ध्वनिचित्रफीत लावणे हे आता वर्गात खडू-फळ्याइतकेच नित्याचे झाले आहे. तथापि साधन सुलभ झाले म्हणजे अध्यापनही सुकर झाले, असे नाही. डोळ्यांपुढे काय ठेवावे आणि कानांवर काय सोपवावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार येथे एका मराठी उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' या अक्षरांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत. 'चंद्र', 'चहा' यांतील 'च' तालव्य, तर 'चमचा', 'चोर' यांतील दंततालव्य होय. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, यांचे लेखन एक, उच्चार मात्र भिन्न. अमराठी विद्यार्थ्यांना हा भेद शिकविण्यासाठी प्रस्तुत लेखकाने एकदा संपूर्ण विवेचन स्लाइडांवर छापले आणि तेच शब्दशः निवेदनात वाचले. तासाच्या अखेरीस वह्या भरल्या होत्या, नियमही पाठ झाले होते. परंतु केवळ ऐकून उच्चार ओळखण्याची वेळ येताच बहुतेक सर्व अडखळले.

असे का व्हावे? रिचर्ड मेयर आणि रोक्साना मोरेनो यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चलच्चित्राबरोबर निवेदन ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना तोच मजकूर पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा विषय अधिक उमगला. पुढे 2001 साली मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, निवेदनास त्याच मजकुराची छापील जोड दिल्याने आकलन उलट घटते. चित्र आणि अक्षरे दोन्ही डोळ्यांवाटेच येतात व मर्यादित अवधान त्यांत विभागले जाते. मात्र निवेदनाची भाषा श्रोत्यास अपरिचित असेल, तर मोजके छापील शब्द साहाय्यकही ठरतात.

आपल्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. लिपी दोन्ही ध्वनींना एकच अक्षर देते. म्हणून अक्षर आधी दिसले की भेद झाकला जातो. यास्तव क्रम बदलणे इष्ट. प्रथम केवळ चमच्याचे वा चंद्राचे चित्र दाखवून शब्द ऐकवावा, निवेदन थांबवावे, विद्यार्थ्यास निर्णय करू द्यावा आणि मग अक्षर दाखवावे. त्यानंतर 'घरचा–घरची', 'माझा–माझी' अशा जोड्या ऐकविल्या, तर 'ई'पूर्वी उच्चार तालव्य होतो, हा नियम विद्यार्थी स्वतःच शोधतात.

ध्वनिचित्रफितीची उपयुक्तताही अशीच पारखून घ्यावी. 'प', 'ब', 'म' यांसारखे ओष्ठ्य वर्ण बोलणाऱ्याच्या मुखावर स्पष्ट दिसतात. तालव्य-दंततालव्य भेद जिभेचा असल्याने तेथे मुखाच्या छेदाची साधी आकृतीच अधिक बोलकी ठरते. शिवाय चित्र व ध्वनी यांचा मेळ अचूक हवा. मॅकगर्क व मॅक्डोनल्ड यांनी 1976 साली दाखविले की, कानी 'बा' आणि ओठांवर 'गा' असल्यास अनेकांना 'दा' ऐकू येते. डोळा कानाला असा फसवू शकतो.

सारांश, पडद्याने शिक्षकाचे भाषण पुन्हा लिहून दाखवू नये. जे शब्दांनी सांगता येत नाही तेवढेच त्याने दाखवावे. आणि जेथे ऐकणे हेच शिकणे आहे, तेथे काही क्षण त्याने कोरेच राहावे.