पालिकेच्या छतावरची वीज आणि करदात्याचा खिसा

दुकानाचे किंवा कारखान्याचे विजेचे बिल आले की व्यापारी ते दोनदा वाचतो. गेल्या महिन्यापेक्षा किती वाढले, का वाढले, याची चौकशी करतो. मात्र आणखी एक बिल असे आहे की जे आपण सर्व मिळून भरतो आणि कधीच वाचत नाही. ते म्हणजे महानगरपालिकेच्या कचेऱ्या, दवाखाने, शाळा, रस्त्यावरचे दिवे आणि पाणी उपसणारे पंप यांचे. घरपट्टी, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क यांतून ते भागते. त्यामुळे पालिकेच्या व शाळांच्या इमारतींना अपारंपरिक ऊर्जा कशी पुरवता येईल, हा प्रश्न केवळ इंजिनियर व अधिकाऱ्यांचा नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब हा व्यापाऱ्याचा विषय आहे.

कोल्हापूरला हा विचार नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाची आखणी केली, तेव्हा हेतू शेतीला पाणी देण्याचा होता. पुढे त्याच पाण्यावर वीजही तयार झाली. आज जिल्ह्यातील अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, वीज निर्माण करतात. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज ते विकतातही. जे हाताशी आहे, पण वाया जाते, त्याचा उपयोग करणे ही या मातीची जुनी सवय आहे. आता पाळी छतावर पडणाऱ्या उन्हाची आहे.

समिती कशासाठी?

केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने २००८ साली ‘सौर शहर’ कार्यक्रम सुरू केला होता. देशातील ६० शहरे घ्यावयाची आणि पाच वर्षांच्या अखेरीस त्या शहरांच्या अंदाजित पारंपरिक ऊर्जेच्या मागणीत किमान १० टक्के घट करावयाची, असे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रातून नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नांदेड, शिर्डी आणि त्या वेळचे औरंगाबाद या शहरांचा त्यात समावेश झाला. एका शहरासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य होते. ते आराखडा, स्वतंत्र कक्ष, देखरेख आणि प्रचार यांसाठी होते.

या कार्यक्रमातील एक अट आमच्या वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक शहराने एक समिती नेमावी आणि तीत लोकप्रतिनिधींबरोबर शिक्षणसंस्था, रहिवासी संघटना, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी असावेत, असे अपेक्षित होते. ही विजेची कामे पालिकेच्या चार भिंतींत ठरू नयेत, हा त्यामागील विचार होता. तो कार्यक्रम आता मागे पडला असला तरी विचार जुना झालेला नाही. २०२० च्या २ ऑक्टोबरला राज्यात सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचतत्त्वांपैकी ‘अग्नी’ या सदरात ऊर्जेचा समावेश आहे. २०२४ सालच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतही सरकारी इमारतींच्या छतांवर सौर संच बसविण्यावर भर दिलेला आहे. सरकारी योजना आल्या की ठेकेदार आपोआप येतात. प्रश्न विचारणारी समिती मात्र आपोआप येत नाही, ती मागावी लागते.

आधी बिले वाचा

अशा समितीने पहिल्या बैठकीत सौर पॅनेलचे एकही माहितीपत्रक उघडू नये, असे आम्हाला वाटते. आधी मागील बारा महिन्यांची सर्व बिले टेबलावर मांडावीत. प्रत्येक इमारतीचा मंजूर भार किती, प्रत्यक्ष वापर किती, स्थिर आकार किती आणि युनिटचे पैसे किती, हे वेगळे काढावे. बंद पडलेल्या खोल्यांचे मीटर चालू आहेत काय, गरजेपेक्षा जास्त भार मंजूर करून घेतला आहे काय, हेही पाहावे. सौर संच युनिटचे पैसे वाचवतो, स्थिर आकार वाचवत नाही. तो कमी करण्यासाठी फक्त एक अर्ज आणि पाठपुरावा लागतो.

दुसरी गोष्ट बचतीची. एक साधा हिशेब करू. पालिकेच्या कचेऱ्यांत जुन्या पद्धतीचे १०० पंखे आहेत आणि ते दिवसाला ८ तास चालतात असे धरा. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, म्हणजे दिवसाला ६० युनिट झाले. बीएलडीसी जातीचा नवा पंखा साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे २४ युनिट. रोजची ३६ युनिटांची बचत झाली. आपल्याकडे १ किलोवॅटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. म्हणजे हे पंखे बदलणे ९ किलोवॅटचा सौर संच बसविण्यासारखे आहे, आणि त्याला छतावर जागाही लागत नाही. गळका माठ न बदलता त्यात पाणी ओतत राहणे हा कोणत्याच धंद्याचा रिवाज नाही.

तिसरी गोष्ट अशी की पालिकेच्या विजेचा मोठा वाटा इमारतींत नव्हे, तर पाण्याच्या उपशात जातो. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी येथील उपसा केंद्रे कोल्हापूरकरांना परिचित आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी शहराच्या पुईखडी केंद्रात पोहोचले. तिला ‘थेट’ म्हटले तरी पाणी उचलण्यासाठी धरणावर पंप आहेतच. शाळांच्या छतावर पॅनेल बसवून फोटो काढणे सोपे आहे. खरा खर्च जेथे होतो तेथे हात घालणे अवघड आहे. समितीने दोन्ही करावे, पण कशाने किती वाचणार याचा आकडा जनतेपुढे ठेवून करावे.

शाळेची सुट्टी आणि कोल्हापूरचा पाऊस

शाळेच्या इमारतीचे एक वैशिष्ट्य आहे. वर्ग दिवसा भरतात, त्यामुळे ऊन आणि वापर यांची वेळ जुळते. पण ऊन सर्वांत कडक असते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते. आणि जून-जुलैत शाळा भरते तेव्हा कोल्हापूरच्या आकाशात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही.

येथे नेट मीटरिंगची पद्धत उपयोगी पडते. महाराष्ट्रात तिचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने प्रथम २०१५ साली आणि नंतर सुधारून २०१९ साली केले. जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, तिचे युनिट खात्यावर जमा होतात आणि पुढील महिन्यांत वळते होतात. हे खाते ३१ मार्चला बंद होते. त्यानंतर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर बिलाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. हिशेबाचे वर्ष एप्रिलला सुरू होते, हे शाळांच्या सोयीचे आहे. उन्हाळ्यात जमा झालेले युनिट पावसाळ्यात खर्ची पडतात. मात्र संच वर्षाच्या वापराच्या मानाने मोठा घेतला, तर जादा वीज स्वस्तात द्यावी लागते. ‘छत मोठे आहे म्हणून संच मोठा’ हा ठेकेदाराचा हिशेब झाला. मालकाचा हिशेब ‘वापर जेवढा तेवढा संच’ असा असतो.

छताचीही परीक्षा हवी. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतील इतर पॅनेलची वीजही कमी होऊ शकते. जुन्या कौलारू छपरांवर आणि झिजलेल्या स्लॅबवर घाई करू नये. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे धरतात. छत तेवढे टिकणार नसेल, तर आधी छत दुरुस्त करावे. सांगाडा ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांतून वर्गात पाणी गळू लागले, तर विजेत वाचलेले पैसे डांबरात जातील.

रोखीने की भाड्याने?

पैसे उभे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पालिकेने स्वतः संच विकत घ्यावा. दुसरा ‘रेस्को’ पद्धतीचा. त्यात कंपनी स्वतःच्या खर्चाने पालिकेच्या छतावर संच बसवते आणि पालिका तिला ठरलेल्या दराने युनिटचे पैसे देते. हा करार साधारण २५ वर्षांचा असतो.

समजण्यासाठी १० किलोवॅटचा संच घेऊ. किलोवॅटला ५० हजार रुपये खर्च धरला तर ५ लाख रुपये लागतील. वर्षाला सुमारे १४ हजार युनिट मिळतील. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १ लाख १२ हजार रुपये वाचतील आणि साडेचार वर्षांत भांडवल वसूल होईल. परंतु चौथा हिस्सा वीज न वापरता ३ रुपयांनी द्यावी लागली, तर वर्षाची बचत ९४ हजार ५०० रुपयांवर येते आणि वसुलीला सव्वापाच वर्षांहून अधिक लागतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. खरे दर निविदेत आणि आयोगाच्या आदेशात पाहावेत, कारण ते वेळोवेळी बदलतात. २०२५ च्या सप्टेंबरात सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुने अंदाजपत्रक पुढे ठेवणाऱ्याला हा फरक विचारलाच पाहिजे.

पालिकेकडे रोख नसेल तर रेस्को वाईट नाही. मात्र करारात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. दर दरवर्षी वाढणार की स्थिर राहणार? ठरलेली वीज मिळाली नाही तर दंड कोणाला? पॅनेल कोण पुसणार, कारण शाळेचा शिपाई ते करणार नाही? इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा लवकर निकामी होतो, तो कोण बदलणार? छत दुरुस्तीसाठी संच उतरवावा लागला तर खर्च कोणाचा? पहिल्या वर्षी उद्घाटन आणि चौथ्या वर्षी धूळ, असे होऊ द्यायचे नसेल तर देखभालीची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढली पाहिजे.

महापुराचा धडा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या पातळीवरून कितीतरी वर गेली. उपसा केंद्रे पाण्याखाली गेली. चोहीकडे पूर आणि नळाला थेंब नाही, असे दिवस या शहराने काढले. अशा वेळी शाळांच्या इमारतींत पूरग्रस्तांची सोय करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. छतावर पॅनेल आहे म्हणजे वीज गेली तरी दिवे लागतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. महावितरणच्या तारेला जोडलेला साधा संच पुरवठा बंद होताच स्वतःहून बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये. पुरातही वीज हवी असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो. बॅटरीचा खर्च मोठा आहे, म्हणून प्रत्येक इमारतीला ती देता येणार नाही. पण निवाऱ्याच्या निवडक शाळा आणि दवाखाने यांच्यासाठी तो खर्च योग्य ठरेल. तेथे दिवे, मोबाइल चार्जिंग, औषधांचा फ्रीज आणि पाण्याचा छोटा पंप चालला तरी पुष्कळ. इन्व्हर्टर व बॅटरी तळमजल्यावर ठेवू नयेत, हे पुरात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आपल्या हातांना काम

सौर संचात पॅनेल बाहेरून येते, परंतु बाकी बरेच काम स्थानिक हातांचे असते. लोखंडी सांगाडा, त्यावरील जस्ताचा मुलामा, वायरिंग, अर्थिंग, वीजरोधक, छताची डागडुजी, धुलाई आणि देखभाल ही सर्व त्यात येतात. शिवाजी उद्यमनगरातील फॅब्रिकेशनवाले, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना हे काम परके नाही. अडचण कौशल्याची नसून कागदाची आहे. वायरमनचा परवाना नाही, जीएसटी नोंदणी नाही, तीन वर्षांचा ताळेबंद नाही, म्हणून निविदेत नाव येत नाही. मग तेच काम बाहेरचा ठेकेदार घेतो आणि आपलाच कारागीर त्याच्याकडे रोजंदारीवर जातो. चार कारागिरांनी एकत्र येऊन नोंदणीकृत संस्था काढली, तर निदान देखभालीची कामे मिळवता येतील. समितीनेही एकच प्रचंड निविदा काढण्याऐवजी इमारतींचे लहान गट करावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

वाचकांच्या स्वतःच्या उपयोगाचेही थोडे. ‘पीएम सूर्यघर’चे अनुदान घरांसाठी आहे, दुकान-कारखान्यांसाठी नाही. घरासाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. धंद्याच्या जागी बसविलेल्या संचावर आयकरात ४० टक्के घसाऱ्याची सोय आहे. ज्यांचा हिशेब नियमित आहे त्यांनाच तिचा फायदा होतो.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. डोंगराळ भागातील एका लहानशा गावाने हे केले. कोल्हापूर तर उद्योगाचे, कारागिरीचे आणि हिशेबी माणसांचे शहर आहे. येथे पालिकेने सर्व इमारतींची बिले जाहीर करावीत, व्यापारी आणि कारागीर यांना समितीत जागा द्यावी आणि दरवर्षी किती युनिट मिळाले, किती पैसे वाचले याचा फलक प्रत्येक शाळेच्या दारावर लावावा. या तीन मागण्यांना पालिकेचा फारसा खर्च येत नाही. व्यापारी संघटनांनी त्या लेखी स्वरूपात आयुक्तांकडे द्याव्यात आणि पोहोच घ्यावी.