गेमिंग पीसीची घरघर : दुकानात नेण्याआधी

ईशाची नमाज झाली, जेवणं आटोपली की आमच्या घरात रोज एक आवाज सुरू व्हायचा. थोरल्याने कॉम्प्युटरवर गेम लावला की दहा मिनिटांत पंखे असे घोंघावू लागत की आतल्या खोलीतून मुलांच्या दादी ओरडायच्या, "अरे, ती गिरणी बंद करा!"

आवाजाबरोबर वेगही गेला. गेम सुरुवातीला बरा चाले, मग अडखळू लागे. थोरला अ‍ॅनिमेशनचा कोर्स करतो. त्याचं जे काम वीस मिनिटांत व्हायचं, त्याला तास लागू लागला.

आम्ही आईबापांनी निकाल लगेच लावला : फुकटचं काहीतरी डाउनलोड केलं असणार. "अब्बू, मी काही केलेलं नाही," असं तो सांगत राहिला. आम्ही ऐकलं नाही. पासवर्ड बदलला आणि गेम दोन आठवडे बंद केला. व्हायरसची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. तरी राग गेला नाही. शेवटी कॉम्प्युटर दुकानात नेला. तिथे दहा मिनिटं पाहून सांगण्यात आलं, "ग्राफिक्स कार्ड गेलंय, बावीस हजार लागतील."

बाजूला काढलेले पैसे होते, पण ते मुलीच्या फीचे. म्हणून कॉम्प्युटर परत आणला आणि थोरल्यालाच म्हटलं, "चल, आपण दोघं-तिघं मिळून बघू." त्या दोन रात्रींत जे कळलं ते इथे देत आहोत.

आधी कान द्या

आवाज एकाच प्रकारचा नसतो. काम वाढलं की वाढणारी आणि काम थांबलं की उतरणारी घोंघाट म्हणजे आतली उष्णता. पंखे ती बाहेर फेकायला धडपडत असतात. सतत खरखर येत असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलेलं असतं किंवा एखादी वायर पात्याला लागत असते. बारीक शिट्टीसारखा आवाज अनेकदा ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलचा असतो. त्रासदायक, पण सहसा निरुपद्रवी. मात्र हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा.

मग आकडे पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते पाहायचं. डिस्क सतत 100 टक्के आणि कॉम्प्युटर सुरू व्हायलाच वेळ, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने फरक पडतो. मेमरी भरलेली असेल तर मागे चालणारे प्रोग्रॅम बंद करा. तरी भागलं नाही तर रॅम वाढवा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे ना, तेही बघा. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डला जोडली गेली, तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं.

आमच्याकडे यातलं काही नव्हतं. म्हणून एचडब्ल्यूमॉनिटर हा मोफत प्रोग्रॅम लावून गेम सुरू केला. प्रोसेसरचं तापमान 97 अंशांवर गेलं. आमच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा 100 अंश. त्या टोकाला पोहोचला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गेम आधी बरा आणि मग संथ, हे कोडं तिथे सुटलं. ग्राफिक्स कार्डाचा आकडा मात्र ठीक होता.

उघडून साफ करा

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कागद वाचा आणि त्यांच्याकडूनच उघडून घ्या. आमची संपलेली होती. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं आणि डबा गॅलरीत नेला. आत हात घालण्याआधी डब्याच्या पत्र्याला स्पर्श केला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

बाजूचं झाकण काढलं तर पंख्यामागच्या जाळीवर गोधडीसारखा थर! आम्ही समुद्राजवळ राहतो. दमट हवेत धूळ चिकटून बसते. मऊ कोरड्या ब्रशने आणि हातपंपाच्या ब्लोअरने ती काढली. पंखा बोटाने धरून ठेवायचा, वाऱ्याने गरगर फिरू द्यायचा नाही. ओलं फडकं आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्ही टाळा. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका; प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि कूलर समोरासमोरच्या कोपऱ्यांनी सारखा दाबून बसवला. हात बसलेला नसेल तर एवढं काम जाणकाराकडून करून घ्या.

जागा आणि सेटिंग

आमचा डबा पलंग आणि भिंत यांच्या फटीत, सतरंजीवर होता. आता तो टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर आहे. समोरून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर, एवढी वाट मोकळी हवी. शिवाय आमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा. गेम मात्र त्याहून कितीतरी जास्त चित्रं तयार करत होता. थोरल्याने गेममध्ये 60 ची मर्यादा घातली आणि कार्डाचा पंखाही शांत झाला.

पेस्ट, ब्रश आणि अल्कोहोल मिळून साडेपाचशे रुपये लागले. तोच गेम, तेवढाच वेळ, आणि तापमान 74 अंश. मुलीची फी वेळेवर भरली.

जळका वास, ठिणगी, किंवा साफसफाईनंतरही अचानक बंद पडणं, अशा वेळी दुकानातच जा. फक्त पार्ट बदला असं सांगितलं तर दोन प्रश्न विचारा : तापमान किती दिसलं? आणि दुसरा पार्ट लावून पाहिला का?

त्या रात्री आम्ही थोरल्याला म्हटलं, "चुकलं आमचं, बेटा." तो हसला, म्हणाला, "पासवर्ड द्या आधी." आता रमजान ईदच्या आधी घर झाडताना आणि पावसाळा संपल्यावर, असा वर्षातून दोनदा तो डबा उघडतो. ब्रश धाकटीच्या हातात असतो.