चार कुंड्या आणि लाखभर डेलिली

हिंजवडीजवळच्या माणच्या एखाद्या सोसायटीतल्या गॅलरीत जिथं नीट ऊन येतं, तिथं फार तर चार मोठ्या कुंड्या मावतात. त्यांत डेलिलीचे चार वेगवेगळे वाण लावायचे ठरवले, तर निवडीला वाव किती? जगभरात नोंद झालेल्या डेलिलीच्या वाणांनी एक लाखाचा आकडा ओलांडला आहे. हिशेबासाठी बरोबर लाख धरू. लाखातून चार वाण निवडण्याचे प्रकार होतात सुमारे ४१६ आणि त्यापुढं सोळा शून्यं. दर सेकंदाला एक चौकडी, तीही रात्रंदिवस न थांबता पाहायची म्हटली, तर लागतील साधारण १३,२०० कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या वयाच्या साडेनऊ पट काळ, आणि तोही फक्त चार कुंड्या ठरवायला!

हे लाख वाण जमिनीत लावायचे तर किती जागा लागेल? डेलिलीचा गड्डा पसरतो, म्हणून दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवलं, तर एका रोपाला चार चौरस फूट लागतात. लाख रोपांना चार लाख चौरस फूट, म्हणजे ३६७ गुंठे, म्हणजे नऊ एकर सात गुंठे. यात पायवाटा धरलेल्याच नाहीत. हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा ज्या गावात उभा राहिला, त्या माणमध्ये एवढी सलग रिकामी जमीन आज कुणाकडे सापडेल?

आणि बघायला वेळ? कार्ल लिनिअसनं १७५३ साली आपल्या ग्रंथात हेमेरोकॅलिस हे डेलिलीच्या वंशाचं शास्त्रीय नाव छापलं. त्या वर्षी कुणी रोज एक नवा वाण बघायला बसलं असतं, तर त्याची लाखाची यादी आत्ता कुठं संपत आली असती. रोज एकच म्हणण्याचं कारण उघड आहे. डेलिलीचं फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं, रात्रीपर्यंत मिटतं. एका दांड्यावर पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त कळ्या असतात आणि त्या आळीपाळीनं फुलतात, म्हणून झाड काही आठवडे बहरलेलं दिसतं.

निसर्गात या वंशाच्या जाती वीसच्या आसपास, त्याही मुख्यतः चीन, जपान, कोरियाच्या बाजूच्या. एवढ्याशा भांडवलावर लाख वाण झाले कसे, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या आर्लो स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पन्नास हजारांहून अधिक संकर केले. १९३४ साली त्यांचं डेलिलीवरचं पुस्तक आलं. पण त्यांनी नावं देऊन बाहेर काढले ते वाण शंभरच्या आसपास. पाचशेतून एक! १९४६ साली अमेरिकेत डेलिलीप्रेमींची संघटना उभी राहिली, पुढं तिच्याकडं जगभरच्या वाणांच्या नोंदणीचं काम आलं, आणि घरच्या वाफ्यात संकर करणाऱ्या हौशी माणसांनी यादी वाढवत नेली.

खरं गणित मात्र पेशीत आहे. साध्या डेलिलीत २२ गुणसूत्रं, अकरा जोड्या. परागकण तयार होताना प्रत्येक जोडीतलं एक उचललं जातं, म्हणून एकाच झाडाचे पराग गुणसूत्रांच्या वाटणीनुसार २,०४८ प्रकारचे होऊ शकतात. मादीकडूनही तेवढेच. दोघांचा गुणाकार ४१,९४,३०४. जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात, ते तर यात धरलेलंच नाही. एकाच बोंडातल्या दोन काळ्याभोर बिया सारखी फुलं देत नाहीत त्या यामुळं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर संकरकारांनी कोल्चिसिन हे रसायन वापरून हीच गुणसूत्रं दुप्पट, म्हणजे ४४ केली. पेशी दुभंगण्याची तयारी करते, गुणसूत्रं दुप्पट होतात, पण कोल्चिसिनमुळं पेशी दुभंगत नाही आणि दुप्पट साठा आतच राहतो. त्यातून जाडसर पाकळ्या आणि गडद रंग आले. हेच कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ती वेल. तिचा कंद आणि बिया विषारी आहेत, तेव्हा घरी प्रयोग नकोत. डेलिलीही मांजरांना घातक आहे. घरात मांजर असेल तर हे झाड आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग चार कुंड्या कोणत्या? रंगाच्या आधी पानं बघावीत. वाणांच्या नोंदीत पानांची सवय लिहिलेली असते: हिवाळ्यात झोपणारी, अर्धी झोपणारी, सदाहरित. आपल्याकडं कडाक्याची थंडी नाही, म्हणून सदाहरित वाणांकडं आधी वळावं. १९७५ साली नोंदलेला ‘स्टेला दे ओरो’ हिवाळ्यात झोपणारा असला, तरी बुटका आहे आणि पुन्हा पुन्हा फुलतो, त्यामुळं कुंडीला सोयीचा. जुनी नारिंगी डेलिली दणकट असते, पण तिच्यात सहसा ३३ गुणसूत्रं असतात. त्यांची सम वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. संकर करायचा तर ती नको. दोन्ही वाण २२चे किंवा दोन्ही ४४चे हवेत.

संकर करणं सोपं आहे. सकाळी ऊन चढायच्या आत एका फुलाचा पुंकेसर तोडायचा आणि त्याचा पराग दुसऱ्याच्या कुक्षीच्या टोकाला लावायचा. पावसाळ्यात पराग भिजून वाया जातो. छपराखालची गॅलरी इथं उघड्या बागेपेक्षा बरी. बोंड पिकायला दीड-दोन महिने लागतात, बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं. स्टाउट यांचं पाचशेत एक हे प्रमाण धरलं, तर एकट्यानं दर वर्षी दहा रोपं वाढवून नाव देण्याजोगा वाण मिळायला पन्नास वर्षं जातील. पण माणच्या एकाच सोसायटीतल्या शंभर घरांनी पाच-पाच बिया लावल्या, तर पाचशेचा आकडा पहिल्याच वर्षी भरतो.