मत्सर आणि त्याचे शमन : देहू-परिसरातील तीन चरित्रकथांचा विचार

षड्रिपूंच्या यादीत मत्सराचा क्रम शेवटचा असला, तरी भक्तिग्रंथांनी त्याची दखल आरंभीच घेतलेली दिसते. भागवताच्या पहिल्याच अध्यायात त्या धर्माचे अधिकारी 'निर्मत्सर' म्हणून सांगितले आहेत. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'विमत्सर' हे मुक्ताचे लक्षण म्हणून येते. हा अग्रक्रम सकारण आहे. काम-क्रोध साधनेच्या आड येतात. मत्सर मात्र साधनेवरच पोसला जातो. ज्याला भजनाची गोडीच नाही, त्याला दुसऱ्याच्या भजनाचा हेवा वाटण्याचे कारण नाही.

या दृष्टीने तुकोबांच्या चरित्राभोवतीच्या कथा पाहण्यासारख्या आहेत. देहूहून ज्येष्ठ वद्यात निघणारी पालखी निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामी जाते. निगडीच्या भक्ति-शक्ती चौकात तुकोबा आणि शिवराय यांच्या भेटीचे शिल्प उभे आहे. या शिल्पातील तुकोबा लोकमान्य आहेत. चरित्रकथांतील तुकोबांना मात्र ही मान्यता मिळताना स्वतःच्या गावातच विरोध सोसावा लागला.

देहूत गुरुपद सांभाळून असलेल्या मंबाजी गोसाव्याची कथा महीपतीने सविस्तर सांगितली आहे. तुकोबांची म्हैस मंबाजीच्या बागेत शिरली. पुढे एकादशीला प्रदक्षिणेच्या वाटेवरील त्याच्या काट्या तुकोबांनी दूर केल्या, आणि मंबाजीने त्यांना काटेरी फांद्यांनी मारले. रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्याकडे गेले आणि मारून दमलेले त्याचे अंग चेपू लागले. या कथेत तुकोबांच्या क्षमेवर सामान्यतः भर दिला जातो. परंतु तितकीच अर्थपूर्ण गोष्ट अशी की, मंबाजीची अनुपस्थिती तुकोबांना जाणवली. मत्सर करणारा हा नित्याचा श्रोता होता. द्वेष कीर्तनाच्या बाहेर नव्हता, मंडपातच बसलेला होता.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. महीपतीचा 'भक्तविजय' १७६२ मधील आणि 'भक्तलीलामृत' १७७४ मधील. तुकोबांच्या निर्याणाला तोवर शतकाहून अधिक काळ लोटला होता. त्याच मंबाजीविषयी देहूत प्रत्यक्ष राहिलेल्या बहिणाबाईचे (१६२८–१७००) आत्मनिवेदन उपलब्ध आहे आणि त्याचा स्वर फार वेगळा आहे. मंबाजीचे शिष्यत्व न पत्करल्यामुळे तिच्या कुटुंबाला झालेला त्रास, तिच्या गाईला त्याने केलेली मारहाण आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटल्याचा प्रसंग तिने सांगितला आहे. महीपतीच्या कथेतील शमनाची छाया या निवेदनावर नाही. क्षमेने मत्सर संपतोच, असे मानण्याची घाई अभ्यासकाने करू नये, हे या दोन साधनांतील अंतर सुचविते.

बहिणाबाईचे निवेदन दुसऱ्या एका कारणासाठीही मोलाचे आहे. मत्सर तिच्या घरातच होता. वैदिक वृत्तीच्या पतीला बायकोकडे वळणारा लोकांचा ओघ सहन होईना. तिला मान मिळू लागला तर आपल्याला कोण विचारील, ही त्याची व्यथा. त्याने तिला मारले, घर सोडून जाण्याचे ठरविले, आणि मग तो आजारी पडला. आजारपणात त्याला आपल्या वागण्याचा उलगडा झाला व पुढे तोच तिच्यासह देहूस आला. पीडिताच्या लेखणीतून मत्सरग्रस्ताचे मन इतक्या जवळून दाखविणारे निवेदन जुन्या मराठीत विरळाच.

वाघोलीच्या रामेश्वरभटाची कथा या दोहोंहून निराळी आहे. त्याचा आक्षेप शास्त्राचा होता : शूद्राला वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या याच आक्षेपापायी, आणि तेरा दिवसांनी त्या वर आल्याचे परंपरा सांगते. अधिकाराच्या भाषेआड हेवा किती सहज लपतो, हे महीपतीने पुढील प्रसंगातून उघड केले. पुण्यात अनगडशहा फकिराच्या विहिरीत स्नान करताच रामेश्वरभटाच्या सर्वांगाचा दाह झाला. मराठी बोलीत हेवा करणारा 'जळतो', त्याचा 'जळफळाट' होतो. चरित्रकाराने हा वाक्प्रचार जणू देहावर उतरविला. ज्ञानदेवांच्या दृष्टान्तानुसार तो तुकोबांना शरण गेला आणि त्यांच्याच अभंगाने दाह शमला. ज्या वाणीचा अधिकार नाकारला, तीच औषध ठरली. ही योजना कथाकाराची असली तरी तिच्यातील न्याय विलक्षण आहे.

मंबाजीला केवळ सेवा मिळाली, रामेश्वरभटाला मात्र स्थान मिळाले. परंपरेने त्याची गणना तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत केली. वारीत लहानथोर परस्परांच्या पाया पडतात, त्या रीतीशी हे जुळणारे आहे : श्रेष्ठत्वाचा वाद निकालात काढण्याऐवजी तो अप्रस्तुत करून टाकायचा. अर्थात दिंड्यांचे क्रमांक आणि मान याच वारीत ठरलेले असतात. क्रम बांधून दिला की हेव्याला जागा थोडी उरते, एवढी व्यवहारबुद्धीही संप्रदायाजवळ आहे. 'आरती तुकारामा' ही रामेश्वरभटाची रचना आज वारकरी तुकोबांची आरती म्हणून गातात, आणि तिच्या अखेरीस त्याचे नाव येते.