मॉरिशसचे लग्न : सप्तपदी आणि सही

विषुववृत्तापासून जळगाव जितके उत्तरेला आहे, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेला आहे. जळगाव एकवीस अंश उत्तर, मॉरिशस वीस अंश दक्षिण. साऱ्या बेटाचे, आणि त्याच्या ताब्यातील लहान बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका जळगाव जिल्ह्यात असे पाच देश सहज मावतील. एवढ्याशा बेटाचे नाव अलीकडे आपल्याकडील लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येते, याचे आश्चर्य वाटायला नको. आपल्या लग्नसराईचा मे महिना म्हणजे मांडवात पंखे लावूनही वऱ्हाडी घामाने निथळतात, आणि नेमक्या त्याच महिन्यात तिकडे कोरडा, सौम्य हिवाळा सुरू होतो. वादळांचे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा तेवढे टाळले की झाले. मुंबईहून विमान थेट जाते, आणि भारतीय प्रवाशाला व्हिसा आधी काढून ठेवावा लागत नाही.

परंतु समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो आणि हॉटेलचे दर यांपलीकडे या विषयात एक प्रश्न आहे. तो म्हणजे, असे लग्न लागले तर ते लागले कधी? आमच्या नात्यातील एका मुलीचे लग्न तिकडे करावे असे घाटत होते आणि कायद्याची पुस्तके पाहण्याचे काम माझ्याकडे आले, म्हणून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. आणि त्यामागे लागता लागता थेट दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे गेलो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. तेव्हापासून पुढच्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून करारावर तिथे गेली. इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'चे गिरमिट झाले आणि माणसांचे गिरमिटिये. ती ज्या धक्क्यावर उतरत त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. बहुतेक लोक बिहार आणि पूर्वेकडील प्रांतांतले, पुष्कळ मद्रास इलाख्यातले. पण मुंबई बंदरातूनही जहाजे गेली आणि त्यांत रत्नागिरीकडची माणसे विशेष होती. मॉरिशसचे मराठी लोक मुख्यत्वे त्यांचेच वंशज.

सुरुवातीच्या वर्षांत जाणाऱ्यांत बायका अगदी थोड्या होत्या. पुढे सरकारला प्रत्येक खेपेत स्त्रियांचे प्रमाण ठरवून द्यावे लागले. यावरून त्या वस्त्यांत संसार उभा करणे किती कठीण असेल याची कल्पना येते. तरीही लग्ने होत होती. अग्नीसमोर, चार शेजाऱ्यांच्या साक्षीने, येईल तेवढा मंत्र म्हणून होत होती. पण बेट इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले तेव्हा तेथील फ्रेंच दिवाणी कायदा तसाच चालू ठेवला होता, आणि त्या कायद्याला अग्नी ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी लग्न म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर झालेली नोंद. नोंद नसेल तर बायको बायको नाही आणि मूल औरस नाही. बाप मेला की वारसाचा प्रश्न उभा राहायचा, आणि आयुष्यभर त्याच घरात राबलेल्या बाईला कागदावर त्या घरात जागा नसायची.

हा प्रकार एकट्या मॉरिशसमध्ये होता असे मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि रीतसर न नोंदलेले लग्न तिथला कायदा मानणार नाही. एका निकालाने हजारो हिंदू-मुसलमान स्त्रियांचे पत्नीपण काढून घेतले. कस्तुरबा सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या त्या याच सुमारास. आपण शाळेत गांधीजींचा आफ्रिकेतील लढा वाचतो तो तीन पौंडांच्या कराचा आणि परवान्यांचा म्हणून; त्यात लग्नाचाही प्रश्न होता हे मात्र सहसा लक्षात राहत नाही.

आजचे मॉरिशस बदलले आहे. बेट १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. आता अधिकार दिलेल्या पुरोहिताने लावलेल्या धार्मिक लग्नालाही नोंदीसह कायद्याचे बळ मिळू शकते. बाहेरून येणाऱ्या जोडप्यासाठी वेगळी वाट आहे. आपण या देशाचे नागरिक किंवा रहिवासी नाही, असा दाखला पोर्ट लुईच्या नोंदणी कार्यालयातून घ्यावा लागतो. त्यासाठी जन्माचे दाखले आणि पासपोर्ट लागतात. जन्मदाखला मराठीत असेल तर त्याचे अधिकृत भाषांतर हवे. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असते, त्याची दुरुस्ती जळगाव-धुळ्यातच करून निघावे. मग नोंदणी अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या की लग्न झाले. मंत्र म्हटले काय, न म्हटले काय, मॉरिशसच्या कायद्याला फरक पडत नाही.

आणि इथेच गंमत आहे. आपल्याकडे हे अगदी उलट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे लग्न रूढ विधींनी लागते. विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच ते पूर्ण होते. नोंदणी हा त्याचा पुरावा, ते लग्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात हेच स्पष्ट सांगितले की, विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे त्या बेटावर सही नसेल तर सप्तपदी निरुपयोगी, आणि इथल्या कायद्यात सप्तपदी नसेल तर सही अपुरी. शिवाय हा कायदा भारतात कायम घर असलेल्या हिंदूंना ते परदेशी असतानाही लागू असतो.

यावर १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येते. पण दोघांपैकी एकाने तिथे आधी निदान तीस दिवस राहिलेले असावे लागते, आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबणे आलेच. आठवड्याच्या सहलीला हे कुठून जमणार? दुसरा मार्ग असा की, तेथील कायद्याने लग्न करून मग ते वकिलातीत नोंदवावे. त्यालाही अटी आहेतच. वर २१, वधू १८, पहिला जोडीदार हयात नसावा, आणि निषिद्ध नाते नसावे. त्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामाची मुलगीही येते! ज्यांच्यात तशी रूढी आहे त्यांना कायद्याने सूट ठेवली आहे, ही गोष्ट वेगळी.

माझे मत विचाराल तर, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन इथेच लग्न करावे आणि बेटावर हौस भागवावी. वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. "आधी कचेरीत लग्न आणि मग हळद, हे कसले लगीन?" असा प्रश्न आमच्याही घरात निघाला, आणि त्याला चटकन उत्तर नव्हते.

हौसेतही काही अडचणी आहेत. मुहूर्त जळगावच्या सूर्योदयावरून काढलेला चालत नाही, कारण तिकडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि सूर्योदय निराळा. विधीत वधूला ध्रुव दाखवतात. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुव क्षितिजाखालीच असतो, तो मॉरिशसहून दिसणे शक्यच नाही. अरुंधती मात्र मे महिन्यात रात्री उत्तरेला अगदी खाली दिसते.

तिथल्या मराठी घरांत आज बोलणे बहुधा क्रिओलमध्ये चालते. मराठी शाळेत शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि गोंधळाची परंपरा टिकून आहे. हिंदू लग्नांत केळीच्या पानावर सात प्रकारच्या भाज्या वाढण्याची पद्धत आहे. केळीचे पान आपल्याला परके नाही. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी मात्र सोबत गेलेल्या आचाऱ्यालाच करावी लागेल.

आणखी एक बाब. फ्रेंच कायद्याच्या वारशामुळे सही करताना तिथे वधूवरांना विचारतात की, लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक की ज्याची त्याची वेगळी? काही सांगितले नाही तर सामाईक धरतात. आपल्या हिंदू कायद्यात अशी सामाईक मिळकत नाही, आणि खानदेशातल्या शेताला व घराला कायदा भारताचाच लागतो. तरी पुढे नोकरीनिमित्त परदेशी राहणाऱ्या जोडप्याला या उत्तराचे महत्त्व आहे. हा प्रश्न आपल्याकडच्या मुलीला सहसा कोणी विचारतच नाही. तो तिने निघण्यापूर्वीच वकिलाकडून समजून घ्यावा आणि तिथे उत्तर स्वतः द्यावे.